चिचटोल्याच्या वृद्धांनी बस थांबविली त्याची हकीकत

वाचक बंधू आणि भगिनींनो, चळवळींची वर्णने आपण पुष्कळ वाचली असतील. त्यांतील पुढारी बहुधा तरुण असतो, त्याची छाती रुंद असते आणि त्याच्या मागून हजारो लोक घोषणा देत चालतात. पुढील हकीकतीत असा एकही मनुष्य नाही. येथे जे कोणी आहेत त्यांचे गुडघे दुखतात, आणि ते घोषणा देत चालू लागले तर थोड्याच अंतरावर घोषणा थांबते आणि पुढे चालणेही थांबते. तथापि चळवळ ती चळवळच. सन एकोणऐंशी साली मौजा चिचटोला येथे स्थापन झालेल्या वृद्ध नागरिक हितवर्धक मंडळाचा उदय, उत्कर्ष आणि त्यानंतर जे काही झाले ते, असे सर्व यथाक्रम निवेदन करण्याचे योजिले आहे. वाचकांनी ते गांभीर्याने वाचावे. मध्येच हसू आल्यास लेखकाचा नाइलाज आहे.

प्रथम गावाची रचना समजून घ्यावी, कारण पुढील सर्व अनर्थ रचनेतूनच उद्भवला. चिचटोला हे गाव मोठ्या सडकेवर, शहापूर आणि भंडारा यांच्या मध्ये वसलेले आहे. शहापुराकडून येताना प्रथम बौद्ध वस्ती व तिचा लहानसा विहार लागतो. तेथे सडक ताणलेल्या दोरीसारखी सरळ आहे. मग गाव लागते. गाव संपले की मारुतीचे देऊळ येते, आणि तेथे सडक आमच्या बोडीच्या, म्हणजे लहान तलावाच्या, पाळीला वळसा घालून भंडाऱ्याकडे वळते. नागपुराहून येणारी बस शहापूरला थांबत असे आणि नंतर थेट भंडाऱ्यास थांबत असे. मधले चिचटोला तिला दिसत असावे, कारण गावातून जाताना ती भोंगा वाजवीत असे. परंतु थांबत मात्र नसे.

आता आपले कथानायक श्रीयुत यादोराव भुरे. हे भंडाऱ्याच्या एका कचेरीत आयुष्यभर पट्टेवाले होते. शासनाला त्यांनी वर्षानुवर्षे पाणी पाजले. साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसून त्यांनी राज्यकारभार इतक्या जवळून ऐकला होता की, निवृत्तीनंतर गावात कोणी कोणताही प्रश्न काढला तरी ते डोळे मिटून म्हणत, "यावर वरून आदेश आणावा लागेल." त्यामुळे गावात त्यांचा मान होता. निदान यादोरावांस तसे वाटत असे.

त्यांच्या पत्नी गोदावरीबाई. त्यांना वर काय अन् खाली काय, कोणत्याच आदेशाशी कर्तव्य नव्हते. त्यांना आसगावला जायचे होते, इतकेच. पवनी तालुक्यातल्या त्या गावी त्यांची थोरली बहीण बायजाबाई राहत असे. दसऱ्याच्या सुमारास तिचा एका नातेवाइकाकरवी निरोप आला होता: "माये डोये जाऊन राहिले. दिसते तवरिक एकडाव तोंड दाखवून जाय." त्या दिवसापासून गोदावरीबाईंचे गाठोडे बांधून तयार होते. परंतु भंडाऱ्याची बस पकडायची म्हणजे शहापुरापर्यंत पायी जाणे आले, आणि त्यांचे गुडघे त्यास संमती देत नव्हते. बंडीत, म्हणजे बैलगाडीत, बसवून नेण्याचा प्रयत्न एकदा झाला होता. परंतु खाचखळग्यांनी गुडघे अधिकच बोलू लागले आणि बंडी वेशीवरूनच परतली. सायकलच्या कॅरिअरवर बसण्याविषयी सुचविले असता त्या म्हणाल्या, "मी पोतं हावो का जी?"

तेव्हा यादोरावांनी छातीवर हात ठेवून वचन दिले. "तू काळजी करू नको. उद्या मी हात दाखवतो. सरकारी गाडी हाये, सरकारी मानसाले ओयखते."

दुसऱ्या दिवशी ते कचेरीतला खाकी कोट घालून मारुतीच्या देवळासमोर उभे राहिले. शेजारी गाठोड्यावर गोदावरीबाई बसल्या. देवळाच्या पारावर जागेश्वर बसला होता. हा यादोरावांचा बालमित्र, धानाची शेती करणारा. दुसऱ्याच्या कामावर देखरेख करण्याची त्याला भारी आवड. बस आली. यादोरावांनी उजवा हात उंच केला. बसने भोंगा वाजविला, बोडीचे वळण घेतले आणि ती निघून गेली. जाताना वाहकाने खिडकीतून हात बाहेर काढून मोठ्या अदबीने हलविला. त्याला वाटले, कोणी ओळखीचा नमस्कार करीत आहे.

"ओयखलं ना जी तुमाले," गोदावरीबाई म्हणाल्या आणि गाठोडे उचलून घरी गेल्या.

जागेश्वर पारावरून म्हणाला, "यादोराव बुवा, हात खाली घे गा आता. कावळे बसतीन."

हा आघात साधा नव्हता. ज्या हाताने अनेक साहेबांच्या मोटारींचे दरवाजे उघडले, त्या हाताला एका वाहकाने प्रतिनमस्कार करावा! यादोराव तिन्हीसांजेला पारावर गेले आणि त्यांनी जमलेल्या मंडळींपुढे हा अन्याय मांडला. मंडळींनी सल्ले दिले. कोणी म्हणाले लाल झेंडी दाखवा, कोणी म्हणाले सडकेत म्हैस उभी करा, आणि जागेश्वर म्हणाला, "एकट्या मानसाचं कोन आयकते? मंडळ काढ. मंडळाले सरकार भेते."

अशा रीतीने एका वृद्धेला बहिणीच्या घरी पोहोचविण्याच्या साध्या कामाचे वृद्ध नागरिक हितवर्धक मंडळात रूपांतर झाले.

मंडळाच्या स्थापनेची सभा देवळासमोर भरली, आणि वृद्ध कोणास म्हणावे या प्रश्नावर ती तेथल्या तेथे अडली. गावात आपण वृद्ध आहोत असे कबूल करणारा मनुष्यच सापडेना. सर्वांच्या मते शेजारी बसलेला वृद्ध होता. गावभर सोयरिकी जुळविणाऱ्या मनकर्णाबाई तर स्पष्टच म्हणाल्या, "मले म्हातारी म्हनाल तं मी तुमच्या मंडळात येत नाई. चाय पिऊन चालली जाईन." परंतु सभासदांस दर बैठकीला चहा मिळेल असे जाहीर होताच वातावरण पालटले. मग कालपर्यंत कुस्तीच्या गोष्टी सांगणारी माणसे कंबरेवर हात ठेवून कण्हत आली, आणि ज्यांच्या मिशीत अजून एक पांढरा केस नव्हता असे दोघेतिघे, वृद्ध होण्याची आपली तयारी आहे, असे सांगू लागले.

बौद्ध वस्तीतून तुळसाबाई आल्या. त्या उंच, ताठ आणि तोंडाने फटकळ होत्या. त्यांच्यासोबत वस्तीतली आणखी काही जुनी माणसे होती. मंडळात जातिभेद मानला जाणार नाही, असा ठराव यादोरावांनी तत्काळ मांडला आणि तो टाळ्यांच्या गजरात संमत झाला. सर्वांनी तो आपापल्या जागी बसून संमत केला. सतरंजी मात्र तुळसाबाईंच्या अलीकडेच संपली होती. सतरंजी लहान होती, असे जागेश्वराचे म्हणणे. ती दुमडलेली होती, असे तुळसाबाईंचे.

"उलगडता येत नाई का जी, अध्यक्ष?" त्यांनी विचारले.

"पुढच्या सभेत हा विषय घेण्यात येईल," यादोराव म्हणाले. कचेरीत त्यांनी हे वाक्य असंख्य वेळा ऐकले होते आणि ते किती उपयोगी आहे हे त्यांना त्या दिवशी कळले.

मंडळाचे पहिले कार्य म्हणजे फलक. बस थांबायची तर तिला कोठे थांबावे हे कळले पाहिजे, हा युक्तिवाद बिनतोड होता. वरठीच्या एका रंगाऱ्याकडून पत्र्याचा फलक रंगवून आणला आणि देवळासमोर रोवला. त्यावर प्रथम "यादोराव भुरे, अध्यक्ष" ही अक्षरे होती. ती हातभर उंच होती. त्यांखाली मंडळाचे नाव होते. आणि उरलेल्या जागेत, पत्रा संपत आल्यामुळे किंचित दाटीवाटीने, "बस थांबा" असे लिहिले होते. गोदावरीबाईंनी फलक वरपासून खालपर्यंत न्याहाळला. त्या शिकलेल्या नव्हत्या. त्यांनी विचारले, "यात बस कोठी हाये?" यादोरावांनी बोट दाखविले. "येवढीशी?" त्या म्हणाल्या. "मंग ते थांबन कायले?"

यानंतर अर्जांचा काळ सुरू झाला आणि तो उन्हाळ्यापर्यंत चालला. त्या काळाचे सविस्तर वर्णन केल्यास वाचक हे पुस्तक मिटून ठेवतील, म्हणून थोडक्यात सांगतो. अर्ज आगारात गेला तेव्हा तो वरच्या कचेरीचा विषय निघाला. वरच्या कचेरीने ग्रामपंचायतीचा ठराव मागितला. ठराव जोडला तर त्यांनी विचारले की, चिचटोल्यास चढणारे उतारू किती असतात ते कळवावे. यादोरावांनी उत्तर लिहिले की, बस थांबतच नसल्यामुळे सध्या कोणीही चढत नाही. त्यावर कचेरीने कळविले की, ज्या अर्थी कोणीही चढत नाही त्या अर्थी थांब्याची आवश्यकता दिसून येत नाही. यादोरावांनी ते पत्र दोनदा वाचले. त्यांना राग आला असेल असे वाचकांस वाटेल. परंतु खरे सांगायचे तर त्यांना त्या उत्तराचे कौतुक वाटले. "असं उत्तर सुचायले मानूस खुर्चीवरच जन्मावा लागते," ते म्हणाले.

तेव्हा मंडळाने आंदोलनाचा निर्णय घेतला. एका सकाळी सर्व वृद्ध सडकेच्या मधोमध बसले. सूर्य वर आला. प्रथम धानाच्या तणसाने भरलेल्या बंड्या आल्या. त्या शेतातून वळसा घालून गेल्या, आणि बंडीवाल्यांनी सर्वांची तब्येत विचारली. मग बसची वाट पाहत असताना जागेश्वराच्या जावयाचा ट्रॅक्टर आला. तो रिकामा होता आणि भंडाऱ्याला चालला होता. जावयाने सासऱ्याला सडकेवर बसलेले पाहून ट्रॅक्टर थांबविला आणि विचारले, "मामाजी, अठी काहून बसले? भंडाऱ्याले येता का?"

आता हे ध्यानात घेतले पाहिजे की, आंदोलकांपैकी प्रत्येकाचे भंडाऱ्यात काही ना काही काम होतेच. नसते तर त्यांना बस कशाला हवी होती? जागेश्वर उठला. मनकर्णाबाईंना दोघांनी हात देऊन वर चढविले. पाहता पाहता संपूर्ण आंदोलन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून घोषणा देत भंडाऱ्यास निघून गेले. सडकेवर यादोराव आणि तुळसाबाई असे दोघेच उरले. गोदावरीबाई गाठोडे घेऊन येईपर्यंत ट्रॅक्टर देवळाच्या वळणाआड गेला होता.

"माये, तुले घेतलं नाई?" तुळसाबाईंनी गोदावरीबाईंना विचारले.

"मले आयकूच आलं नाई वं बाई. हे अध्यक्ष हायेत ना, यायनं थांबवाले पायजे होतं."

 अध्यक्ष सडकेवरच बसून होते, कारण त्यांचा पाय मुंग्या येऊन बधिर झाला होता. मग त्या दोघींनी त्यांना काखेत धरून उठविले.

इतके होऊनही यादोरावांनी धीर सोडला नाही. बस खात्यात एक नवे साहेब आल्याची बातमी त्यांनी जुन्या ओळखीतून काढली. नाव गोपीचंद बोरकर. रस्त्यावरील थांब्यांच्या जागा पाहून त्या मंजूर करणे हे त्यांचेच काम. वयाने तरुण, स्वभावाने भले. त्यांना गावात बोलवावे, वृद्धांचे हाल प्रत्यक्ष दाखवावेत, म्हणजे काम फत्ते, असे ठरले. कधी बोलवावे, एवढाच प्रश्न होता.

जागेश्वर म्हणाला, "मंडईच्या दिवशी बोलाव. पाहुणे असतेत, जेवन असते, दंडार असते. सायेब खुश होऊन जाईन."

हाच तो सल्ला, ज्याने सर्व नाश झाला. दिवाळी आटोपली की आमच्या भागात गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, हे वाचक जाणतातच. भर दुपारी ढोलकीवर दंडार, म्हणजे आमच्याकडचे लोकनाट्य, रंगते, दुकाने लागतात, आणि सर्व सोयरेधायरे गोळा होतात. परंतु मंडईचे खरे कार्य वेगळेच असते. कोणाची मुलगी लग्नाची झाली, कोणाचा मुलगा नोकरीला लागला, हे त्या दिवशी पाहिले, विचारले आणि जुळविले जाते. अशा दिवशी, अशा गावात, सोयरिकी जुळविणे हाच ज्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय झाला आहे अशा वृद्धांच्या सभेत, एका अविवाहित, पगारी, तरुण साहेबास बोलावणे म्हणजे काय, हे यादोरावांसारख्या अनुभवी माणसाच्या लक्षात येऊ नये, याचे आजही आश्चर्य वाटते.

साहेब फटफटीवर आले. देवळासमोर खुर्ची मांडली होती, त्यावर घरातली चादर घातली होती. यादोरावांनी हार घातला आणि खिशातून भाषण काढले. ते त्यांनी दिवाळीभर घोकले होते. "सन्माननीय साहेब," त्यांनी आरंभ केला, "वृद्धत्व ही मानवी जीवनाची सायंकाळ असून, त्या सायंकाळी मनुष्यास एका बसची नितांत..."

"बाबू," मनकर्णाबाई मध्येच म्हणाल्या, "तुहं लगन झालं का?"

"अजून नाही, आजी," साहेब हसून म्हणाले.

एवढे दोन शब्द, आणि सभेचा कायापालट झाला. कण्हणारे सरळ बसले. ज्यांना ऐकू कमी येत होते त्यांना नीट ऐकू आले.

"माया साळ्याची पोरगी मॅट्रिक हाये, सायेब," जागेश्वर पुढे सरकला. "गोरी हाये. घरची धानाची शेती हाये."

"गोरी?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "उन्हात पायली का तिले कवा? बाबू, तू माया नातीले पाहा. दंडार पाहाले आली हाये. पिवळं लुगडं. तिच्या हातचा भात खाशीन तं भंडारा इसरशीन."

"तिच्या हातचा भात खाऊन तिचा बाप दवाखान्यात गेलता," जागेश्वर म्हणाला.

"गृहस्थहो, गृहस्थहो!" यादोराव हातातले भाषण उंचावून म्हणाले. "विषय बसचा आहे. मंडळाच्या प्रतिष्ठेचा आहे. लग्नाच्या गोष्टी येथे..." आणि त्यांना अकस्मात आपल्या भावाची मुलगी निर्मला आठवली. सुशील मुलगी. शिवण येत होते. ते क्षणभर थांबले. शासनसेवेत काढलेले आयुष्य एका बाजूला आणि भावाची मुलगी दुसऱ्या बाजूला, असा तो क्षण होता. "तथापि," ते म्हणाले, "विषय निघालाच आहे तर आमच्या घरीही एक स्थळ आहे."

मागे बसलेल्या गोदावरीबाईंनी कपाळावर हात मारला.

यानंतर जेवणाचा प्रश्न आला. साहेबांसाठी तीन घरी स्वयंपाक झाला होता. जागेश्वराने त्यांचा उजवा हात धरला होता, मनकर्णाबाईंनी डावा, आणि यादोराव त्यांची फाइल आपल्या घराकडे ओढीत होते, म्हणजे तिच्या मागे साहेब आपोआप येतील. साहेब बिचारे हसत उभे होते. बोरकर हे आडनाव आपल्या भागात अनेक समाजांत आहे. परंतु त्या दुपारी प्रत्येकाने ते आपल्यात धरून घेतले होते, आणि कोणालाही विचारण्याची गरज वाटली नव्हती. शेवटी जागेश्वराने केवळ रीत म्हणून विचारले.

"बोरकर म्हंजे आमच्यातलेच. सायेब, खैरे कुणबी का झाडे?"

"आम्ही बौद्ध," साहेब सहजपणे म्हणाले. "वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली."

दूर दंडारीची ढोलकी वाजत होती. ती फार स्पष्ट ऐकू येऊ लागली.

कोणी एक शब्दही वावगा बोलले नाही, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. आमचे गाव सभ्य आहे. फक्त हात सुटले. जागेश्वराला आठवले की त्याचा बैल सकाळपासून चरत नाही. मनकर्णाबाईंना आठवले की चुलीवर दूध आहे. यादोराव आपला चष्मा शोधू लागले. तो त्यांच्या नाकावर होता. मग एकेक वृद्ध उठला आणि कंबरेवर हात ठेवून, पुन्हा कण्हत, दंडारीकडे निघून गेला.

यादोरावांच्या मनात एक वाक्य तयार होते. "साहेब, गरिबाच्या घरी चला," हे ते वाक्य. चांगले वाक्य होते. परंतु जागेश्वर काय म्हणेल, भाऊ काय म्हणेल, पारावर उद्या काय बोलणे होईल, या सर्वांची परवानगी घेता घेता ते वाक्य ओठापर्यंत येण्यास उशीर झाला. तेवढ्यात तुळसाबाई पुढे आल्या.

"चाल बाबू," त्या म्हणाल्या. "वरण-भात हाये. याइच्या मंडईत तुले उपाशी मारतीन."

साहेबांनी फाइल यादोरावांच्या हातातून हळूच सोडवून घेतली, कारण ती ते अजून घट्ट धरून होते, आणि ते तुळसाबाईंच्या मागे फटफटी ढकलत चालू लागले. त्यांच्या मागे आणखी एक व्यक्ती चालू लागली. हातात करंज्यांची थाळी होती, डोक्यावर पदर होता. ज्या गुडघ्यांनी शहापूरचे नाव काढताच नकार दिला होता ते गुडघे गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत, विहाराच्या दिशेने, न बोलता चालले. त्या गोदावरीबाई होत्या.

त्या परत आल्या तेव्हा यादोराव ओसरीवर बसून होते.

"तू तठी जेवली?"

"मंग? करंज्या का भिंतीले चारू? तुमी तं सायबाले जेवा म्हनलं नाई, अन् मलेही म्हनलं नाई. भूक लागली होती जी."

तुळसाबाईंच्या घरी काय झाले ते पुढे सर्वांस कळले. मनकर्णाबाईंनी जे प्रश्न विचारले असते तेच सर्व तुळसाबाईंनीही विचारले. मायबाप कोठी, दारू पितो का, रागीट हाये का. त्यांची नात पुष्पा भंडाऱ्याला शिकत होती आणि मंडईला घरी आली होती. वरण तिनेच वाढले. फरक इतकाच की, तुळसाबाईंनी प्रश्न जेवू घातल्यावर विचारले, आणि त्यानंतर साहेबांना सडकेवर नेऊन विचारले, "अठी बस थांबवाले काय अडचन हाये?"

साहेबांनी दोन्ही बाजूंनी पाहिले. सडक सरळ होती. गाडी दुरून दिसत होती. काहीही अडचण नव्हती. देवळासमोरची जागा वळणावर होती आणि वळणावर थांबा देण्यास नियमाने बंदी होती, हे ते भाषण ऐकण्याआधीच सांगणार होते. परंतु त्यांना कोणी बोलू दिले नव्हते.

थांबा विहारासमोर मंजूर झाला. पुढच्या उन्हाळ्यात पुष्पाची आणि साहेबांची सोयरीक झाली. गावात मात्र आधी सोयरीक आणि मग थांबा असा क्रम सांगितला जातो. जागेश्वर तर म्हणतो, "जवायानं आजेसासूच्या दारात बस आनून देल्ली. आमची पोरगी केली असती तं आमच्या दारात आली असती." त्याला हे कोण सांगणार की त्याच्या दाराशी सडकच नाही!

मंजुरीची बातमी येताच मंडळाची तातडीची सभा भरली. थांबा अयोग्य ठिकाणी दिल्याबद्दल तीव्र निषेधाचा ठराव जागेश्वराने मांडला, मनकर्णाबाईंनी अनुमोदन दिले आणि तो एकमताने संमत झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बस विहारासमोर थांबली, तेव्हा तिच्यात प्रथम चढणारा मनुष्य जागेश्वर होता. त्याच्या मागे मनकर्णाबाई होत्या. तुळसाबाईंनी विचारले, "काहून जी, निषेध झाला का?" जागेश्वर म्हणाला, "थोच तं सांगाले चाललो भंडाऱ्याले."

हळूहळू सर्व मंडळ विहारासमोर जाऊन उभे राहू लागले. तेथे तुळसाबाईंनी एक लांब लाकडी बाक टाकला होता. त्यावर सर्व जण बसत, कारण तो बाक दुमडता येत नव्हता.

एकटे यादोराव गेले नाहीत. अध्यक्षाने आपला फलक सोडून दुसऱ्याच्या थांब्यावर जावे, हे त्यांच्या प्रतिष्ठेस मानवेना. आसगावहून पुन्हा निरोप आला. बायजाबाईंना आता सावल्याच दिसत होत्या. गोदावरीबाईंनी गाठोडे बांधले.

"मी तुळसाच्या संगं उभी राहातो," त्या म्हणाल्या. "तुमी येता का?"

"बस अठी थांबन," यादोराव म्हणाले. "आता त्या गाडीले चिचटोल्यात थांबाची सवय लागली हाये. अध्यक्षाच्या फलकासमोर नाई थांबन तं कोठी थांबन?"

गोदावरीबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "बरं, जेवन झाकून ठेवलं हाये," आणि गाठोडे घेऊन विहाराकडे निघाल्या.

यादोरावांनी खाकी कोट घातला आणि ते फलकाशेजारी उभे राहिले. विहारासमोर बस थांबल्याचा आवाज त्यांनी ऐकला. घंटी वाजली. बस सुरू झाली, गावातून आली, जवळ आली. यादोरावांनी उजवा हात उंच केला. बसने भोंगा वाजविला. खिडकीशी गोदावरीबाई बसल्या होत्या, शेजारी तुळसाबाई होत्या. गोदावरीबाईंना नवरा हात वर करून उभा दिसला. त्यांनीही खिडकीतून हात बाहेर काढला आणि मोठ्या अदबीने हलविला. बसने बोडीचे वळण घेतले आणि ती निघून गेली.

पारावरून जागेश्वर म्हणाला, "यादोराव बुवा, कोनाले हात दाखवून राहिला गा?"

"पोचवाले आलतो," यादोराव म्हणाले. हात मात्र त्यांनी बऱ्याच वेळाने खाली घेतला.

तो फलक आजही देवळासमोर उभा आहे. बोडीवर पाण्याला येणारी गुरे त्यास अंग घासतात. त्यामुळे खालची "बस थांबा" ही अक्षरे पार पुसली गेली, आणि अध्यक्षांचे नाव तेवढे उंचावर असल्याने शाबूत राहिले.

गोदावरीबाई आसगावला वेळेवर पोहोचल्या. बायजाबाईंनी त्यांचा चेहरा उजेडाकडे वळवून, डोळ्यांजवळ आणून, बोटांनी चाचपून पाहिला, आणि दोघी बहिणी पोटभर रडल्या. रडून झाल्यावर बायजाबाईंनी इकडे तिकडे पाहून विचारले, "अन् आमचे जवाई कोठी हायेत वं? दिसून नाई राहिले."

"डोये ठीक हायेत तुहे," गोदावरीबाई म्हणाल्या. "थे सडकेवर उभे हायेत."

इतका वेळ बसून एका वृद्धांच्या मंडळाची ही हकीकत ज्यांनी धीराने वाचली, त्या सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार मानून, आणि आपापल्या गावी बस थांबत असल्यास ती कोणाच्या दाराशी थांबते हे न पाहता तिच्यात चढावे अशी नम्र विनंती करून, येथेच लेखणी खाली ठेवतो.

आपला नम्र,
परसराम ठवकर
मु. चिचटोला, जि. भंडारा